संत गोन्सालोंच्या भक्तांनो, यंदाच्या नोव्हेनाला एक आजारी घर निवडा



28 जानेवारीला नोव्हेना सुरू केली, तर 5 फेब्रुवारीला तिचे नऊ दिवस भरतात आणि 6 फेब्रुवारीला ख्रिस्तसभा नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांचे स्मरण करते. त्या सव्विसांत एक जण आपल्या वसईचे आहेत. संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेले पहिले संत. वसईकर त्यांना आपले पालक संत मानतात. आपल्याकडच्या चर्चला आणि कॉलेजला त्यांचे नाव आहे, आणि घरात आजारपण आले की आजी-आजोबांच्या तोंडी पहिले नाव त्यांचेच येते.

या आवाहनात एकच मागणे आहे. यंदा नोव्हेनाच्या नऊ दिवसांत प्रत्येक कुटुंबाने आपल्या परिसरातले एक आजारी घर निवडावे आणि पुढच्या वर्षीच्या सणापर्यंत त्या घराची सोबत सोडू नये. काही गावांत स्थानिक सण वेगळ्या दिवसांत असतो. तिथे त्या सणाआधीचे नऊ दिवस धरावेत.

हे मागणे कोणाच्या कल्पनेतून आलेले नाही. ते आपल्या संतांच्या आयुष्यातून आले आहे, म्हणून ते आयुष्य थोडे सविस्तर आठवू या.

गोन्सालोंचा जन्म 1556च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच, 1572 साली, ते त्या धर्मगुरूंबरोबर जपानला पोहोचले. तिथे ते जपानी भाषा शिकले, नुसती बाजारापुरती नव्हे, तर लोकांना धर्मशिक्षण देता येईल इतकी. पुढे त्यांनी व्यापारात जम बसवला. हाती पैसा आला, ओळखी वाढल्या. हे सगळे सोडून ते मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नाही, ब्रदर म्हणून.

1593 साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरांच्या वतीने फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्या भेटीला गेले, तेव्हा दुभाषी म्हणून बरोबर होते ते ब्रदर गोन्सालो. पुढे या फ्रान्सिस्कनांना क्योतोत जागा मिळाली. तिथे त्यांनी चर्च उभारले आणि रुग्णालये काढली, तीही विशेषकरून कुष्ठरुग्णांसाठी, ज्यांना घरचे लोकही जवळ करत नव्हते. परदेशी धर्मबंधू आणि जपानी रुग्ण यांच्यामधला शब्द न् शब्द ज्यांच्या तोंडून जात होता, त्यांत आपले वसईचे ब्रदर होते. रुग्णाचे दुखणे ऐकायचे, ते दुसऱ्याला समजेल असे सांगायचे आणि दिलासा त्याच्या भाषेत परत आणून द्यायचा, हे काम त्यांनी केले.

1596 साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून परदेशी धर्मप्रसारकांबद्दलचा संशय वाढला, हिदेयोशींचा रोष झाला आणि डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांना पकडण्यात आले. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढली गेली. मग भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. पोप आठवे अर्बन यांनी 1627 साली त्यांना धन्यवादित घोषित केले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी संतपद बहाल केले.

आता एका गोष्टीकडे नीट लक्ष द्यावे. त्या सव्विसांत सहा जण बाहेरून आलेले फ्रान्सिस्कन होते, तीन जण जपानी येशूसंघीय होते आणि उरलेले सतरा जण साधे जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते. कोणी वैद्य, कोणी औषधे देणारा, कोणी स्वयंपाकी, कोणी रुग्णालयाची व्यवस्था पाहणारा. लुईस इबाराकी हा मुलगा अवघा बारा वर्षांचा होता. क्योतोहून निघाले तेव्हा कैदी चोवीसच होते. पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस्को किची हे दोघे वाटेत त्यांना खाऊपिऊ घालायला, त्यांची देखभाल करायला मागे मागे चालत राहिले. पहारेकऱ्यांनी त्यांनाही धरले आणि संख्या सव्वीस झाली. दुःखात असलेल्यांची सोबत करताना हे दोघे हुतात्मा झाले आणि ख्रिस्तसभेने त्यांनाही संतांच्या यादीत बसवले.

म्हणून मी ठामपणे म्हणतो की संत गोन्सालोंची भक्ती रुग्णसेवेपासून वेगळी काढता येत नाही. आपण त्यांच्या मूर्तीला हार घालतो, मेणबत्ती लावतो, नवस बोलतो, त्यांची मध्यस्थी मागतो. ते योग्यच आहे. संत आपल्यासाठी देवाजवळ विनवणी करतात ही आपली श्रद्धा आहे आणि या श्रद्धेने वसईच्या कैक पिढ्यांना वादळात, रोगराईत तारले आहे. पण ज्या संताकडे आपण आपल्या आजाऱ्यासाठी मागणे मागतो, त्या संताने परक्याच्या आजाऱ्याची सेवा केली. त्यांच्या पुढ्यात गुडघे टेकणाऱ्याने उठल्यावर एखाद्या रुग्णाच्या घराची वाट धरली नाही, तर आपली भक्ती अर्धीच राहते.

याच्या उलट चूकही होऊ नये. प्रार्थनेविना केलेली सेवा लवकर थकते. पहिले पंधरा दिवस उत्साह असतो, मग रुग्णाची चिडचिड सोसवत नाही, नातेवाइकांनी आभार मानले नाहीत म्हणून मन खट्टू होते आणि फेऱ्या थांबतात. रोज जपमाळ हातात घेणारा माणूस आभारावर अवलंबून राहत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात प्रभूने शेवटच्या न्यायाच्या वेळी काय विचारले जाईल ते सांगून ठेवले आहे. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला, यांच्यासाठी जे केले ते प्रभूसाठीच केले, असा त्याचा अर्थ आहे. सेवा करणाऱ्याला हे रोज आठवावे लागते आणि त्यासाठीच प्रार्थना हवी.

आजची वसई पाहा. नालासोपारा, वसई, विरारच्या पूर्व भागात चाळींमागून चाळी उभ्या आहेत. कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर भारतातून आलेली माणसे तिथे एका खोलीत संसार करतात. घरातला कमावता माणूस आजारी पडला की रोजगार बुडतो. सरकारी दवाखान्यात कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा, डॉक्टरांनी काय सांगितले, कुठली चाचणी कुठे होते हे कळत नाही. दुसरीकडे आपल्याच आळीत कौलारू घरांच्या जागी बंगले झाले, पण त्या बंगल्यांत ऐंशी वर्षांची आई एकटी राहते, कारण मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. पैसा वेळेवर येतो. औषधाच्या वेळा सांभाळायला, रात्री दार ठोठावून विचारायला माणूस नसतो. ही दोन्ही घरे आजारी घरेच आहेत, आणि आपल्या संतांच्या भक्तांनी या दोन्हींकडे जायला हवे.

प्रत्यक्ष काय करायचे, ते पुढे मांडतो.

पहिले काम सोबतीचे. निवडलेल्या घरी आठवड्यातून किमान एकदा जावे. तासभर बसावे. ऐकून घ्यावे. उपदेश करू नये. औषधांची पुडकी तपासावीत, पुढच्या तपासणीची तारीख लिहून ठेवावी, गरज असेल तर रिक्षाने दवाखान्यात न्यावे. घरात जेवण होत नसेल तर डबा द्यावा. रात्रंदिवस रुग्णाजवळ बसणाऱ्या बायकोला किंवा लेकीला दोन तास मोकळीक द्यावी. अनेक घरांत तिलाच मदतीची सर्वांत जास्त गरज असते.

दुसरे काम भाषेचे, आणि ते तर थेट संत गोन्सालोंचे काम. ज्यांना मराठी, हिंदी आणि इंग्रजी येते, त्यांनी आपल्या दवाखान्यात, सरकारी रुग्णालयात महिन्यातून एक सकाळ द्यावी. फॉर्म भरून द्यावा, डॉक्टरांचे म्हणणे सोप्या शब्दांत समजावून सांगावे, शिधापत्रिका, आधार आणि सरकारी आरोग्य योजनांची कागदपत्रे जुळवायला मदत करावी. कॉलेजातल्या मुलामुलींना हे सहज जमेल. नोकरीतून निवृत्त झालेल्या शिक्षकांना तर याची उत्तम सवय आहे. आपल्याकडे परिचारिका म्हणून आयुष्य काढलेल्या कितीतरी बहिणी आहेत. त्यांनी नव्या मंडळींना रुग्णाला उठवायचे कसे, कूस बदलायची कशी, हात धुवायचे कधी हे शिकवावे.

तिसरे काम कुष्ठरोग आणि क्षयरोगाबद्दलची भीती घालवण्याचे. आपल्या नोव्हेनाच्या तिसऱ्या दिवशी, 30 जानेवारीला, महात्मा गांधींच्या स्मृतिदिनी भारतात कुष्ठरोग निर्मूलन दिन पाळला जातो. 2005च्या अखेरीस देशपातळीवर दर 10,000 लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट आपण गाठले, तरी जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. हा रोग सहा ते बारा महिन्यांच्या औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती औषधे सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श जाणवत नसेल, तर लगेच तपासणी करावी. उशीर झाला तर हातापायांना कायमची विकृती येऊ शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी हवी. क्षयाचे साधे उपचार सहा महिने चालतात आणि त्या काळात रुग्णाला चांगला आहार लागतो. सरकारच्या निक्षय मित्र योजनेत कोणताही नागरिक किंवा संस्था क्षयरुग्णाच्या पोषक आहाराची जबाबदारी घेऊ शकते. एका आळीने मिळून एका रुग्णाचा सहा महिन्यांचा शिधा उचलणे आपल्याला अवघड नाही. 30 जानेवारीच्या नोव्हेनात ही माहिती व्यासपीठावरून सांगितली जावी, अशी सर्व धर्मग्रामांच्या फादरांना नम्र विनंती आहे.

आणखी एक अट आहे आणि ती मोडू नये. सेवा करताना धर्म विचारायचा नाही, जात विचारायची नाही, गाव कोणते हे हिणवण्यासाठी विचारायचे नाही आणि बदल्यात काहीही मागायचे नाही. फोटो काढून मोबाइलवर फिरवायचे नाहीत. रुग्णाच्या घरातली गोष्ट त्या घरातच राहावी. आपल्या प्रार्थनेत त्या माणसाचे नाव घ्यावे, आणि त्यानेही आपल्यासाठी त्याच्या देवाजवळ प्रार्थना केली तर तीही आनंदाने घ्यावी.

काही जण म्हणतील, आम्ही पहाटेच्या लोकलने जातो, रात्री परत येतो, वेळ कुठून काढणार? म्हणूनच हे काम कुटुंबाचे ठेवले आहे, एकट्याचे नाही. एका रविवारी मुलगा जाईल, दुसऱ्या रविवारी आई जाईल. मिस्सानंतरचा एक तास पुरे. परदेशातल्या आमच्या भावंडांनी आपापल्या आळीतल्या एका रुग्णाच्या औषधांचा किंवा फिजिओथेरपीचा खर्च उचलावा, आणि महिन्यातून एकदा त्या घरी फोन करून आपल्या बोलीत विचारपूस करावी. लहान मुलांनीही मागे राहू नये. नागासाकीच्या वाटेवर बारा वर्षांचा मुलगा होता. आपली मुले निदान शेजारच्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवू शकतील.

सणाच्या खर्चाबद्दलही एक सूचना आहे. सण थाटात व्हावा, बँड वाजावा, पाहुण्यांना जेवण मिळावे. ही आपली रीत आहे आणि ती सोडा असे कोणी म्हणत नाही. मात्र प्रत्येक कुटुंबाने सणाच्या खर्चातला दहावा हिस्सा बाजूला काढावा आणि आळीतल्या रुग्णांसाठी ठेवावा. हिशेब आळीतल्याच दोघा-तिघांनी ठेवावा आणि वर्षअखेर सर्वांसमोर वाचावा. एकजुटीने काय घडते, हे वसईला नव्याने सांगायला नको. 1918 साली मोन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने बसीन कॅथोलिक बँकेची सुरुवात झाली, तेव्हा इथला सामान्य शेतकरी मोठा धनवान नव्हता. लोकांनी थोडेथोडे जमवले आणि एकमेकांना उभे केले.

सुरुवात कशी करायची तेही सांगतो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आळीतल्या प्रार्थनागटाने एकत्र बसून परिसरातल्या आजारी, अपंग आणि एकट्या वृद्धांची यादी करावी. ख्रिस्ती घरांपुरती ती मर्यादित ठेवू नये. नोव्हेना सुरू होण्याआधी कोणते कुटुंब कोणाकडे जाणार हे ठरवावे. नऊ दिवसांत पहिली भेट झालीच पाहिजे. 11 फेब्रुवारीला, लूर्दच्या मातेच्या सणाला, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. त्या दिवशी गटाने पुन्हा एकत्र यावे, काय जमले, काय अडले ते बोलावे आणि पुढच्या महिन्याची वाटणी करावी. ज्या घरी रुग्णाला ख्रिस्तप्रसाद हवा असेल, तिथली नोंद धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावी.

बंधू-भगिनींनो, संत गोन्सालो फादर नव्हते. त्यांनी कधी मिस्सा अर्पण केली नाही. भाषा, व्यवहाराची समज आणि धडधाकट शरीर एवढेच त्यांच्याजवळ होते, आणि ते सगळे त्यांनी देवाच्या हवाली केले. एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहे. म्हणून हे काम फादरांचे, सिस्टरांचे असे म्हणून कोणी अंग काढून घेऊ नये. 28 जानेवारीच्या संध्याकाळी नोव्हेनाला येताना आपल्या कुटुंबाने निवडलेल्या रुग्णाचे नाव मनाशी ठरवून या, त्याच्यासाठी पहिली प्रार्थना करा, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी जा.