कबरीची नोंद कुणी ठेवायची?

शुक्रवारी नमाजनंतर चहा घेताना मी आयर्लंडमधल्या ट्युअम गावची बातमी सांगितली. तिथल्या एका जुन्या आश्रयगृहाच्या आवारात लहान मुलांचे अवशेष शोधण्यासाठी जुलै २०२५ मध्ये खोदकाम सुरू झालं. ऐकून आमच्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, मिट्टी मिट्टीला मिळाली. आता उकरून काय मिळणार? आपल्यात तर कबरीवर नावसुद्धा नको म्हणतात." बाकीच्यांनी माना डोलावल्या. वयाचा मान राखून मी तिथं वाद घातला नाही. तो इथं घालतो.

इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांसाठी नवा कायदा आला, आयर्लंडमध्ये १८३८ साली. ज्याला पोट भरता येत नाही त्यानं वर्कहाउसमध्ये भरती व्हावं, अशी ही व्यवस्था. आत नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. अन्न औंसावर मोजून. ही जागा माणसाला नकोशीच वाटली पाहिजे, असा कायदा करणाऱ्यांचा उघड हेतू होता.

आत कुणी मेलं, तर नातेवाइकांनी स्वखर्चानं प्रेत न्यायचं. ऐपत नसेल तर सामाईक खड्डा, पेटीवर पेटी, वर दगड नाही. त्याहून भयंकर होता १८३२ चा शरीरशास्त्र कायदा. त्याआधी विच्छेदनासाठी कायद्यानं मिळत ती फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेतं. नव्या कायद्यानं वर्कहाउसमधली 'बेवारस' प्रेतंही वैद्यकीय शाळांना देता येऊ लागली. काल जी खुन्याची शिक्षा होती, ती आज गरिबाच्या वाट्याला आली. तिथले मजूर आपल्या मातीसाठी आठवड्याला पेनी-पेनी साठवत, ते उगाच नाही.

आज त्यांची पतवंडं कबरी शोधतात. आधी मृत्यूचा दाखला, मग वर्कहाउसची वही, मग चर्चची किंवा नगरपालिकेच्या कब्रस्तानाची दफननोंद. कधी कबरीचा क्रमांक मिळतो, कधी नुसता गवताचा तुकडा. किल्केनीत तर एका जुन्या वर्कहाउसच्या जागेवर बांधकामाआधी खोदकाम झालं, तेव्हा दुष्काळात १८४७ ते १८५१ दरम्यान पुरलेले किमान ९७० जण सापडले. २०१० मध्ये त्यांचं सन्मानानं पुन्हा दफन झालं.

ट्युअमचं आश्रयगृहही जुन्या वर्कहाउसच्याच इमारतीत होतं. १९२५ ते १९६१ या काळात तिथं अविवाहित माता आणि त्यांची मुलं राहत. कॅथरीन कॉर्लेस या गावातल्या बाईंनी, कुठलं मोठं पद नसताना, पैसे भरून मुलांचे मृत्यूचे दाखले मिळवले. ते भरले ७९६. मृत्यूची नोंद होती, दफनाची नव्हती. गावातले लोक त्यांना 'कशाला उकरता' असंच म्हणत होते. २०१७ मध्ये जमिनीखालच्या कप्प्यांत अवशेष मिळाले आणि २०२१ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांनी देशाच्या वतीनं माफी मागितली.

आता बुजुर्गांना उत्तर. कबर साधी असावी, हे मान्य. पण साधी कबर वेगळी आणि हरवलेली कबर वेगळी. साधेपणा हा श्रद्धेचा भाग आहे, हरवणं हा निष्काळजीपणा आहे. मशीद झाडणारी ती स्त्री आठवा. ती वारली, लोकांनी तिला परस्पर दफन केलं, एवढी मोठी गोष्ट नाही म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांना कळवलंही नाही. कळल्यावर त्यांनी तिची कबर दाखवायला सांगितलं आणि तिथं जाऊन नमाज पढली. कबर दाखवणारं कुणी होतं म्हणून ते जाऊ शकले. आपण कुणाला दाखवू शकू का?

हा फक्त गोऱ्यांचा प्रश्न नाही. बेवारस प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याचा कायदा आपल्या राज्यातही १९४९ पासून आहे. डॉक्टर घडायला देह लागतात, हे खरं. पण देहदान माणूस स्वतःच्या मर्जीनं करतो. बेवारस माणसाला कुणी विचारलेलं नसतं, आणि अनेकदा त्याच्या घरी खबरच पोचलेली नसते.

आमच्याच गावचं सांगतो. स्टँडवर एक परगावचा मजूर मरून पडला. नाव तेवढं कळलं. पोलिसांनी प्रेत ताब्यात दिलं, आम्ही वर्गणी काढून गुस्ल, कफन, जनाजा सगळं केलं आणि समाधानानं घरी गेलो. आठ महिन्यांनी त्याचा मुलगा शोधत आला. आम्ही तिघांनी त्याला तीन वेगवेगळ्या जागा दाखवल्या. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग मधल्या जागेवर फातिहा पढून गेला. त्या दिवशी कुणालाच 'मिट्टी मिट्टीला मिळाली' म्हणायचं सुचलं नाही.

मय्यत दफन करणं फर्जे-किफाया आहे. काहींनी केलं तर सगळे सुटतात, कुणीच केलं नाही तर सगळे गुन्हेगार. नोंदही त्याच जबाबदारीत धरायला हवी. खर्च किती? एक वही, एक पेन. नाव, तारीख, रांग, कितवी कबर, कुणी आणलं. नाव नसेल तर पोलीस ठाण्याचा नोंद क्रमांक आणि अंगावरच्या खुणा. कमानीला लाखो रुपये जमवणाऱ्या कमिट्यांना हे जमत नाही, असं मी मानणार नाही.

येत्या शुक्रवारी मी दोनशे पानी वही घेऊन जाणार आहे. पहिली नोंद त्या मजुराची. कितवी कबर, तो रकाना कोरा ठेवावा लागेल.