देव नाही. बरं, पुढं बोला!

दोस्तहो, देव नाही. आपल्या घरात हा निकाल १४ ऑक्टोबर १९५६ लाच लागला. नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंच्या तोंडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती, सगळ्यांची हकालपट्टी एका दिवसात. मग पुण्यामुंबईच्या बैठकांत दर रविवारी तीन-तीन तास 'देव आहे की नाही' यावर घसा कोरडा कशाला करायचा? मेलेल्या सापाला किती वेळा मारणार?

या बैठकांना मी जातो. तिथं माझ्या जिल्ह्याचं नाव निघालं की लगेच सैलानी निघतं. बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा. होळीला तिथं यात्रा भरते. अंगावरून उतरवलेले नारळ ढिगानं आगीत पडतात. नारळांचीच होळी पेटते. हिंदू, मुसलमान, आणि खोटं कशाला बोलू, प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या वस्तीतलीही माणसं तिथं असतात. कुणाच्या बाईला 'बाहेरचं' झालंय, कुणाच्या पोराची झोप उडालीय. बैठकीत कुणीतरी याचं रसभरीत वर्णन करतो आणि हशा पिकतो.

कुणाला हसलात रे?

सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार गावांत: ठाणे, पुणे, रत्नागिरी, नागपूर. बुलडाण्याहून नागपूर गाठायचं तर तीनशेच्या वर किलोमीटर. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर भेटला, तरी दर महिन्याच्या गोळ्या, दर फेरीला बुडणारी मजुरी आणि एसटीचं भाडं कोण देणार? सैलानी जवळ आहे. तिथं चिठ्ठी लागत नाही, साहेबाच्या दारात ताटकळावं लागत नाही, आणि कुणी जात विचारून लांब बसवत नाही. आमच्याकडची एक म्हातारी मला म्हणाली, "देव असो का नसो बाप्पा, माह्या पोराले रातच्याले झोप लागली पायजे." तुमच्या कपाटातल्या कुठल्या पुस्तकात हिला द्यायचं उत्तर आहे, काढा बरं!

म्हणून मी साखळदंडाची वकिली करतोय असं समजू नका. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधलं, मारलं, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सहा महिने ते सात वर्षं सजा सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला साफ मनाई केलीय. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, तेव्हा साखळीत बांधलेली २८ माणसं गेली. पळताच आलं नाही त्यांना. साखळी तुटलीच पाहिजे. पण तोडल्यावर त्या पोराला न्यायचं कुठं, हे बैठकीतला एकही बहाद्दर सांगत नाही.

आणि हे हसू तरी सरळ आहे का? जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. शेतात धान्याचं रिंगण, मधे घागर, पापड, कुरडई, करंजी, पानसुपारी. रात्रीतून काय सरकलं, काय ढळलं ते बघून सकाळी पाऊसपाणी सांगतात, राजाचं भविष्य सांगतात. पेपरवाले दरसाल छापतात, वर 'शेकडो वर्षांची परंपरा' असा मुकुट चढवतात. दर्ग्यावर गेला तो अडाणी, घटाभोवती जमला तो परंपरेचा पाईक! २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात बुलडाणा होता. कापसाचा भाव घागर ठरवत नाही, आणि तो कोण ठरवतो यावर बैठक कधी बसत नाही.

पांढरपेशा नास्तिकाला माझा सरळ सवाल आहे. देव गेला, मग जात का नाही गेली? सावरकरांनी गायीला देवता मानायला नकार दिला, उपयुक्त पशू म्हणाले, पोथ्यापुराणांची टर उडवली. आणि त्याच सावरकरांनी पितृभू-पुण्यभूची मोजपट्टी लावून मुसलमान-ख्रिस्ती कुंपणाबाहेर काढले. म्हणजे देव नाकारूनही माणसाला परका ठरवता येतं! आपल्या बैठकीतला नास्तिक लग्नाला उभा राहिला की स्वजातीचं स्थळ बघतो. त्याचा देव मेलाय, आडनाव मात्र ठणठणीत आहे.

दाभोलकर सांगत आले की समितीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या लुबाडणुकीशी आहे. गावोगाव फिरले, कायद्यासाठी सरकारचे उंबरे झिजवले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना पुण्यात गोळ्या घातल्या, आणि वर्षानुवर्षं लोंबकळलेल्या कायद्याचा आठवडाभरात वटहुकूम निघाला. १० मे २०२४ ला कोर्टानं दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं. हा माणूस नुसता हॉलमध्ये वाद जिंकत बसला असता, तर त्याची कुणाला भीती वाटली असती?

बुद्धाकडं मालुंक्यपुत्त गेला होता. जग शाश्वत की अशाश्वत ते आधी सांगा, म्हणाला. बुद्धानं त्याला बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. बाण मारणारा कोण, कुठल्या जातीचा, धनुष्य कसलं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस विचारता विचारताच मरेल. आपल्या लोकांच्या अंगात बाण आहे. आणि आपण? जानेवारी १९७४ ला वरळीत दंगल झाली, भागवत जाधव मारला गेला. त्याच वर्षी पँथर बुद्ध की मार्क्स यावरून फुटली. बाण तिथंच राहिला.

तेव्हा ऐका. वाद बंद करा असं मी म्हणत नाही; आपल्या पोरांनी तर्काला धार लावलीच पाहिजे. पण ती धार साखळीवर चालवा, म्हातारीवर नको. पुढच्या होळीला बैठक हॉलमध्ये घेऊ नका. मनाच्या आजाराचा एक डॉक्टर, गोळ्यांपुरती वर्गणी, दोन्ही कायद्यांच्या मराठी प्रती आणि दहा पोरं, एवढं घेऊन सैलानीच्या वाटेवर बसू. बाहेरच्या गावाहून आलेल्याला दवाखान्यापर्यंत नेऊ, परतीचं भाडं देऊ, महिन्यानं त्याच्या घरी जाऊन गोळ्या चालू आहेत का बघू. जिल्ह्यातच खाटा हव्यात म्हणून कलेक्टर कचेरीसमोर ठाण मांडू.

ज्याला यायचंय त्यानं नाव द्यावं. देव आहे की नाही ते जाताना एसटीत बघू.

जयभीम.