फेम्टोमोलरच्या पलीकडचा प्रश्न

आयआयटी मद्रासमधून २०२५ मध्ये आलेली बातमी बहुतेकांनी एका ओळीत वाचली असेल : गरोदरपणातील प्रीएक्लॅम्प्सिया आता ३० मिनिटांत ओळखता येणार. प्रा. व्ही. व्ही. राघवेंद्र साई यांच्या गटाने वेल्लोर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इतर सहकाऱ्यांसह प्रकाशतंतूवर चालणारा जैवसंवेदक तयार केला आणि तो सुमारे ७० जणींच्या नमुन्यांवर तपासला. संशोधन दर्जेदार आहे. मात्र बातम्यांचा सगळा भर ‘फेम्टोमोलर संवेदनशीलता’ या शब्दांवर राहिला, आणि तो भर चुकीच्या जागी आहे.

उपकरणाची कल्पना देखणी आहे. प्लॅस्टिकचा प्रकाशतंतू इंग्रजी ‘यू’सारखा वाकवला की आतला प्रकाश वळणावर पृष्ठभागाबाहेर किंचित डोकावतो. त्या पृष्ठभागावर पीएलजीएफ हे प्रथिन पकडणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात. प्रथिन अडकले की सोन्याचे नॅनोकण जोडलेली दुसरी प्रतिपिंडे त्याला येऊन चिकटतात आणि ते कण प्रकाश शोषतात. दुसऱ्या टोकाला प्रकाश किती मंदावला, यावरून रक्तातले प्रथिन मोजता येते.

हेच प्रथिन का, याचे उत्तर वारेत आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयातल्या सर्पिल धमन्यांत शिरून त्यांची तोंडे रुंद करतात. तोंडाची त्रिज्या दुप्पट झाली की तेवढ्याच रक्ताचा वेग चौथाईवर येतो. वारेला संथ, भरपूर रक्त मिळते. हे रुंदीकरण अपुरे राहिले तर रक्त झोताने आदळते आणि वार जखमी होते. तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. १४०/९० च्या वरचा रक्तदाब, लघवीतून जाणारी प्रथिने, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी ही सारी लक्षणे २० आठवड्यांनंतरची, बहुधा त्याहूनही बरीच उशिराची.

वार आणि आईचा रक्तदाब यांच्यातला दुवा २००३ मध्ये उलगडू लागला. अनंत करुमांची या मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉक्टरांच्या बॉस्टनमधील गटाने दाखवले की जखमी वार एसफ्लट-१ नावाचे प्रथिन अतिरिक्त प्रमाणात रक्तात सोडते. हे प्रथिन पीएलजीएफला पकडून निकामी करते आणि आईच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. तेच प्रथिन गाभण उंदरिणींना दिल्यावर त्यांचाही रक्तदाब वाढला, लघवीत प्रथिने आली. म्हणजे पीएलजीएफची घसरण हा आजाराच्या यंत्रणेचाच भाग आहे.

आता फेम्टोमोलरकडे. उत्तरार्धातल्या गरोदरपणात डॉक्टर ज्या उंबरठ्यावर सावध होतात तो मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅमच्या आसपास असतो. रेणुभार धरून हिशेब केला तर हे दोन-तीन पिकोमोलर, म्हणजे काही हजार फेम्टोमोलर. (विद्यार्थ्यांनी आकडेमोड स्वतः करून पाहावी, पाच मिनिटांचे काम आहे.) इतक्या जाड खुणेसाठी एवढी बारीक मोजपट्टी लागत नाही. तिचा उपयोग आहेच : नमुना पातळ करून रक्तातल्या इतर घटकांचा अडथळा कमी करता येतो. पण निर्णय ठरतो ९० आणि ११० मधला फरक प्रत्येक वेळी, प्रत्येक तंतूवर, मे महिन्याच्या उकाड्यातही सारखाच दिसतो का यावर. त्याचे उत्तर ७० नमुन्यांत मिळत नाही.

मोजून करायचे काय, हा त्याहून मोठा प्रश्न. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात एसफ्लट-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया न होण्याची खात्री ९९ टक्क्यांहून अधिक आढळली. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत पीएलजीएफचा आकडा डॉक्टरांना कळवल्यावर निदानाचा काळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि मातांमधील गंभीर गुंतागुंत कमी झाली. भारतात या चाचणीचे खरे स्थान इथे आहे : संध्याकाळी पाच वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या, दाब १४२/९२ असलेल्या बाईला घरी पाठवायचे की रुग्णवाहिका बोलवायची, हे ठरवताना. म्हणून संवेदकाचा खर्च आणि रुग्णवाहिकेची हमी यांची बेरीज एकत्रच करायला हवी. नुसता आकडा कागदावर पडून राहतो.

प्रतिबंधाची वेळ मात्र फार आधीची असते. २०१७ च्या एका चाचणीत धोका अधिक असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केल्यावर ३७ आठवड्यांपूर्वीचा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. त्यासाठी नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत हवी आणि रक्तदाब नीट मोजलेला हवा : बसवून, विश्रांती देऊन, योग्य मापाच्या पट्ट्याने. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत होणाऱ्या तपासणीत गर्दी असते आणि घाईत घेतलेला दाब सर्वात आधी फसवतो. त्या मोजमापावर कोणी बातमी लिहीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४६,००० माता या आजाराने दगावतात. मद्रासने याआधीही त्याला उत्तर दिले होते. एम. के. कृष्ण मेनन यांनी १९६१ मध्ये झटक्यांवर औषधांचे जे मिश्रण मांडले, ते भारतात अनेक वर्षे वापरले गेले. नंतर रीतसर तुलनात्मक चाचण्या झाल्या, स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट सरस ठरले आणि ते मिश्रण बाजूला पडले. आयआयटीच्या संवेदकालाही अशीच एक मोठी तुलना लागेल : निम्म्या आरोग्य केंद्रांत संवेदक, निम्म्यांत फक्त रक्तदाब आणि लघवीची तपासणी, आणि मोजायचे ते किती माता व बाळे सुखरूप घरी गेली.