लेकराच्या वेळेनं सोलापूर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की भर दुपारी सोलापुरात उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच नाहीशी होते. शहर कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, आणि त्यातली पहिली खेप नेमकी शाळांच्या सुट्टीत पडते. पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, दुपारी रस्ते ओस पडतात, सोलापूरकर खिडक्यांवर ओले पडदे सोडून घरात थांबतात. आणि त्याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या गाड्या अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या रस्त्यांना लागलेल्या असतात. मागच्या सीटवर आजी, आई आणि आईच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांचं पोर.

या कुटुंबाचा बेत ठरलेला असतो. सोलापुरात फक्त रात्रीचा मुक्काम. पहाटे उठून चाळीसेक किलोमीटरवरचं अक्कलकोट, तिथून उलट फिरून सोलापूरपासून पंचेचाळीस किलोमीटरवरचं तुळजापूर, आणि दुसऱ्या दिवशी सत्तरेक किलोमीटरवरचं पंढरपूर करून घर. मध्ये कुणीतरी गाणगापूरची आठवण काढतं. ‘एवढं लांब आलोच आहोत तर’ म्हणून तेही जोडलं जातं. मोठ्यांना हे निभतं, कारण त्यांच्या मनात दर्शनाची ओढ असते. मुलाच्या वाट्याला मात्र गाडी, रांग आणि पुन्हा गाडी एवढंच येतं. तुळजापूरच्या पायऱ्या उतरताना ते कडेवर झोपलेलं असतं आणि गाभाऱ्याजवळच्या रेटारेटीत दचकून जागं होऊन रडतं.

देवदर्शनाला ना कोणी म्हणू नये. प्रश्न एका दिवसात किती देव गाठायचे याचा आहे. लहान मूल सोबत असेल, तर सहल त्याच्या झोपेच्या आणि भुकेच्या वेळांवरून आखायला हवी. आणि ज्या शहराला पर्यटक हवे आहेत, त्या शहरानं या मुलालाही पाहुण्यांत मोजायला हवं. सोलापुरात आज या दोन्ही गोष्टी फारशा होत नाहीत.

हा हट्ट मुलाचे लाड करण्यासाठी नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, कारण वजनाच्या मानानं त्याच्या त्वचेचा पसारा मोठा असतो आणि घामही कमी येतो. तहान लागली हे त्याला नीट सांगता येत नाही. ते चिडचिड करतं, जेवण नको म्हणतं, मरगळतं, आणि घरचे म्हणतात, ‘आज फार हट्टीपणा करतंय.’ लघवी कमी झाली, ओठ सुकले की समजावं, गाडी आधीच सावलीला थांबवायला हवी होती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, फक्त आईचं दूध अधिक वेळा लागतं. म्हणजेच आईला बसायला जागा आणि भरपूर पाणी लागतं. जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, घेताना पाकिटावर नीट बघावं. ‘ओआरएस’ असं नाव मिरवणारी गोड पेयं बाजारात इतकी झाली होती, की ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाला ते नाव वापरायला मनाई करावी लागली. उन्हात उभ्या गाडीत मुलाला ‘दोन मिनिटं’ ठेवून जाणं तर कोणत्याही कारणानं नको, काच थोडी खाली असली तरीही नको.

मग करावं काय? सोलापूरलाच थांबावं. दोन रात्री, आणि जमल्यास तीन.

मुलं पहाटेच उठतात, तर सकाळी लवकर भुईकोट किल्ल्यावर जावं. बहमनी काळातला हा किल्ला शहराच्या अगदी मध्यात आहे. दुहेरी तटबंदी, खंदक, आत झाडं. पलीकडे सिद्धेश्वर तलाव आणि तलावात मंदिर. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी या गावाला तलाव दिला, अडुसष्ट लिंगांची परंपरा दिली. मुलाला यातलं काही कळायची गरज नाही. त्याला पाण्याच्या मधोमध देऊळ दिसतं, कबुतरं उडताना दिसतात, तेवढं पुष्कळ झालं. ऊन चढायच्या आत परत फिरावं.

परतीच्या वाटेवर पूर्व भागात कुणाच्या ओळखीनं एखाद्या मागाच्या कारखान्यात डोकावता आलं तर जरूर डोकावावं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे मोठ्यांनी वाचलेलं असतं, पण चादर होते कशी हे त्यांनीही बहुधा पाहिलेलं नसतं. मागाच्या वर जॅकार्डची, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक घर पुढे सरकते. त्या भोकांनुसार काही धागे उचलले जातात, काही खालीच राहतात. मधून धोटा सणकन जातो, फणी ठोकते, आणि कापडावर नक्षीची एक बारीक रेघ वाढते. पुन्हा पुठ्ठा, पुन्हा धोटा. जरा वेळ उभं राहिलं की मोराची मान दिसू लागते, मग पिसारा. तीन-चार वर्षांचं मूल अशा ठिकाणी डोळे विस्फारून खिळून राहतं. फक्त आवाज कानठळ्या बसवणारा असतो, म्हणून त्याचे कान झाकून दारातूनच दाखवावं आणि लवकर बाहेर पडावं.

दुपार झोपेची. यात काही वाया जात नाही. अख्खं सोलापूर तेव्हा दारं लोटून पडलेलं असतं, पाहुण्यांनीही तेच करावं. जेवणात शेंगा चटणी मुलाला सोसायची नाही, आणि अख्खे शेंगदाणे तर लहानग्याच्या हाती देऊच नयेत, घशात अडकतात. पण कडक भाकरी चुरून दुधात किंवा दह्यात कालवली, की पोरं वाटी चाटूनपुसून संपवतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एखादी बाग आणि मग पार्क चौपाटी. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच देवस्थान करावं. अक्कलकोट केलं तर अन्नछत्रात गरम वरण-भात मिळतो, मुलाच्या जेवणाची काळजी मिटते.

गाडीची निवडही याच हिशेबानं व्हावी. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. गाडी चांगली आहे, पण मुंबईहून निघालेली ती सोलापूरला पोचते रात्री उशिरा. पुण्याहून संध्याकाळी सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसचंही तेच. झोपेनं पेंगुळलेलं मूल, चार पिशव्या आणि रिक्षाची घासाघीस ही सहलीची सुरुवात नको. मुंबईकरांसाठी जुनी सिद्धेश्वर एक्स्प्रेस अधिक सोयीची. मूल बर्थवर आडवं होऊन रात्रभर झोपतं आणि सकाळी ताजंतवानं उतरतं.

मे महिना टाळता आला तर उत्तमच. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वजांची मिरवणूक, पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी, आणि त्यांचं बघून बाराबंदी घालून मिरवणारी लहान पोरं. दारूकामाच्या रात्री बाळाला नेऊ नये, पण दिवसाउजेडी गड्ड्यावरचे पाळणे आणि खेळण्यांची दुकानं त्याच्यासाठीच तर असतात. हिवाळ्यातच शेतावर हुरडा मिळतो, आणि नान्नजच्या माळावर सकाळी काळविटांचे कळप दिसतात. ते माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. माळढोक दिसणं आता दुर्मीळ, हे मुलाला आजच सांगायला नको. पावसानं साथ दिली तर नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचं पाणी नर-मादी धबधब्यांतून कोसळताना बघावं, मुलाचा हात मात्र क्षणभरही सोडू नये.

हे झालं घरच्यांचं. शहराचं काय? जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. धार्मिक पर्यटनाची चर्चा जोरात आहे. त्या चर्चेत भाविक किती येतील, वाहनतळ केवढा लागेल, हे आवर्जून बोललं जातं. सावली किती आहे, हे कुणी विचारत नाही. सिंगापूर विषुववृत्ताजवळचं शहर. तिथे १८२२ च्या नगररचनेतच दुकानांपुढे छप्पर असलेली पाच फुटी वाट सक्तीची केली होती, आणि आजही मेट्रोच्या स्थानकांपर्यंत आच्छादलेले पदपथ वाढवत नेले जात आहेत. आपली मराठी कुटुंबं मुलांना घेऊन तिकडे हौसेनं जातात आणि ‘काय सोय आहे हो!’ म्हणत परततात. ती सोय त्या शहरानं हवामान ओळखून, ठरवून केलेली आहे. अहमदाबादनंही २०१० च्या उष्णतेच्या लाटेत माणसं गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. सोलापूरला ऊन काही नवं नाही, त्याच्याशी जुळवून घ्यायची सवय गावाच्या अंगात मुरलेली आहे. ती महापालिकेच्या कामात उतरायला हवी.

कामं छोटी आहेत. आपल्याकडच्या बागा सकाळ-संध्याकाळ उघडतात आणि नेमक्या दुपारी, जेव्हा झाडाखाली बसायची गरज असते तेव्हा, फाटक बंद असतं. निदान एप्रिल-मेमध्ये किल्ल्याभोवतालच्या एखाद्या बागेचं फाटक दिवसभर उघडं ठेवावं, तिथे पाणपोई असावी आणि तिचा एक नळ तीन वर्षांच्या मुलाचा हात पोचेल इतका खाली असावा. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या आईचं नाव ज्या खोलीला दिलं, तिला राज्यात अनेक ठिकाणी कुलूप आढळतं, हे संतापजनक आहे. स्थानकप्रमुखानं किल्ली कुणाकडे आहे ते दारावरच ठळक लिहावं. देवस्थानांनी तान्हं मूल कडेवर असलेल्या आयांना रांगेत पंख्याखाली बसवावं आणि त्यांचा नंबर राखून ठेवावा. महापालिका, एसटी आणि देवस्थानं यांनी पुढच्या एप्रिलच्या आत एकदा एकत्र बसून हे ठरवावं, आणि त्या बैठकीला दोन-चार तरुण आयांनाही बोलवावं.