गोळी, घाम आणि सुया

"मावशी, मी गोळी बंद केलीय. आईला सांगू नकोस."

भाची हे बोलली आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तिचं वय सेहेचाळीस. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं तिने न कुरकुरता सोसलं. आणि आता टॅमॉक्सिफेनच्या एवढ्याशा गोळीपुढे हरली! रात्री चार-पाच वेळा अंगातून वाफा निघतात, गाऊन घामाने भिजतो, उठून बदलावा तर थंडी वाजते. सकाळी पुन्हा डबे आणि ऑफिस. कोणाला सांगावं तर उत्तर ठरलेलं, "जीव वाचला ना, मग एवढं चालायचंच."

हे वाक्य मला फार खटकतं. ही गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षंही घ्यायची असते. इतका काळ झोपेवाचून कोण काढेल? मग बाई गुपचूप गोळी सोडते आणि आजार परतण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्याला आपण 'बारीकसारीक त्रास' म्हणतो, तो शेवटी जिवाशीच येतो.

पाळी जाताना इतर बायकांना हार्मोन्स देता येतात. हिला ते चालत नाहीत. स्वीडनमध्ये अशा रुग्णांना हार्मोन्स देऊन पाहिले, तेव्हा आजार जास्त जणींमध्ये उलटला आणि २००३ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी वाफा कमी होतात, पण त्यातली पॅरोक्सेटिनसारखी गोळी टॅमॉक्सिफेनच्याच कामात अडथळा आणते.

म्हणून अॅक्युपंक्चर. हे नाव काढलं की आमच्या पिढीला सोलापूरचे डॉ. कोटणीस आठवतात. पण ही विद्या भारतात आणली ती १९३८ मध्ये त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी.

२०१० मध्ये अमेरिकेत डेट्रॉईटला पन्नास रुग्ण बायकांवर अभ्यास झाला. निम्म्यांना व्हेनलाफॅक्सिन हे औषध, निम्म्यांना बारा आठवडे सुया. वाफा दोन्हीकडे सारख्याच कमी झाल्या. औषधाने मळमळ, तोंडाला कोरड असे त्रास झाले, सुयांनी नाही. शिवाय उपचार थांबल्यावर सुयांचा गुण जास्त दिवस टिकला.

आता दुसरी बाजू. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात, साध्या रजोनिवृत्तीच्या ३२७ बायकांपैकी निम्म्यांना खऱ्या सुया टोचल्या, निम्म्यांना बोथट, कातडीत न शिरणाऱ्या. दोन्ही गटांना आराम सारखाच! मग ही नुसती मनाची समजूत म्हणायची का?

मला तसं झटकून टाकवत नाही. शाळेत पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलाला मी जवळ बसवायची, विचारपूस करायची. पुष्कळदा दुखणं ओसरायचं. म्हणून ते खोटं होतं असं नाही. अर्धा तास शांत पडून राहणं, कोणीतरी नीट ऐकून घेणं, यातही गुण असेल. पण मग सुई टोचणाऱ्याने चमत्काराच्या बाता मारू नयेत, हेही तितकंच खरं.

माझं मत विचाराल तर, जरूर जावं, पण काही पथ्यं पाळून. कर्करोगाच्या डॉक्टरांना आधी सांगावं. प्रशिक्षित, नोंदणी असलेल्या माणसाकडेच जावं, सुया नव्या, एकदाच वापरायच्या असाव्यात. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, त्या हाताला सुई नको. केमो चालू असेल, रक्तातल्या पेशी कमी असतील, तर थांबावं. आणि सुयांनी कर्करोग बरा करतो असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ उठावं.

भाचीला मी रागावले नाही. एवढंच म्हटलं, "आईला नको सांगूस, पण डॉक्टरांना सांग." दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, गोळी पुन्हा सुरू झाली आणि आठवड्यातून दोनदा ती सुयांना जाऊ लागली. वाफा गेल्या नाहीत, पण रात्री दोनदाच उठावं लागतं म्हणते. गुण सुयांचा की ऐकून घेतल्याचा, मला ठाऊक नाही. ती गोळी घेते आहे, मला तेवढं पुरे.