पीडीएफमधील रंग का बदलतात?

लग्नसराईच्या तोंडावर साड्यांचे व ड्रेस मटेरियलचे कॅटलॉग आता बहुधा पीडीएफच्या स्वरूपातच येतात. दुकानदार ते मोबाइलवर पाहून मागणी नोंदवितो. पडद्यावर डाळिंबी दिसलेली साडी गठ्ठा सोडल्यावर आमसुली निघाली, की माल परत जातो, भाड्याचा भुर्दंड बसतो आणि जुन्या व्यवहारात कटुता येते. म्हणून समोरच्या व्यापाऱ्याच्या सचोटीवर शंका घेण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

रोकडवही आणि पासबुक यांत फरक आला, तर आपण एकेक नोंद ताडून पाहतो. येथेही तोच क्रम ठेवावा : प्रथम पडदा, मग सॉफ्टवेअर, शेवटी फाइल.

तीच फाइल दुसऱ्या मोबाइलवर किंवा संगणकावर उघडावी. तेथे रंग वेगळा दिसल्यास संशय पडद्यावर जातो. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून दिलेली ‘नाइट लाइट’ची सोय चालू असेल, तर पांढऱ्यावरही पिवळसर झाक येते. काही मोबाइलमधील ‘व्हिव्हिड’ पर्याय रंग अधिक भडक करतो. या दोन्ही सोयी बंद करून पुन्हा पाहावे.

नंतर त्याच यंत्रावर फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी; ब्राउझरमध्ये पाहिली असल्यास अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये पाहावी. चित्र छायाचित्राच्या निगेटिव्हसारखे उलटे दिसत असेल, तर त्याचे एक ठरलेले कारण आहे. छपाईसाठी फोटोशॉपमध्ये साठविलेल्या चार रंगांच्या जेपीईजी चित्रात शाईचे आकडे उलटे नोंदलेले असतात. ते सुलटे करून दाखवावेत, अशी सूचना पीडीएफमध्ये द्यावी लागते. ती सूचना राहून गेली किंवा सॉफ्टवेअरने पाळली नाही, की चित्र उलटे दिसते. एकाच सॉफ्टवेअरमध्ये हा दोष आढळल्यास ते अद्ययावत करावे. सर्वत्र आढळल्यास फाइलच नव्याने तयार करवून घ्यावी.

फाइलमधील अधिक नेहमीचा दोष रंगपद्धतीचा असतो. पडदा लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांतून रंग घडवितो. त्या पद्धतीस आरजीबी म्हणतात. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी व काळी या चार शायांतून रंग घडवितो. ती सीएमवायके पद्धत होय. कोणत्या आकड्याचा रंग कसा दिसावा, हे सांगणारी नोंद म्हणजे ‘कलर प्रोफाइल’. ही नोंद फाइलमध्ये नसेल, तर प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या अंदाजाने रंग दाखविते. म्हणून मोबाइलवर पाठवायच्या कॅटलॉगमधील चित्रे ‘एसआरजीबी’ पद्धतीत बदलून, प्रोफाइलसह साठवावीत, असे डिझाइनरला स्पष्ट सांगावे. छापखान्यासाठी मात्र ‘पीडीएफ/एक्स’ ही वेगळी प्रत करून घ्यावी. एकच फाइल दोन्ही कामांना वापरण्याची काटकसर अंती महाग पडते.

एक मर्यादा मात्र कोणत्याही उपायाने ओलांडता येत नाही. पडद्यावरचा झळाळता राणी किंवा पोपटी रंग चार शायांच्या छपाईत तसाच उतरत नाही, तो किंचित मंद होतोच. कापडाचा रंगही दिव्याच्या व उन्हाच्या प्रकाशात निराळा भासतो.

तेव्हा मोठी मागणी देताना केवळ ‘डाळिंबी’ असे न लिहिता शेड कार्डावरील क्रमांक लिहावा आणि कापडाचा तुकडा नमुना म्हणून मागवून मागणीच्या कागदासोबत जपून ठेवावा. छपाई असेल, तर छापखान्याकडून छापील नमुना घ्यावा आणि त्यावर सही करूनच काम पुढे जाऊ द्यावे. माल आल्यावर तो या नमुन्याशी दिवसाच्या उजेडात ताडून पाहावा. पुढे मतभेद झालाच, तर दोन्ही पक्षांना पुढ्यात ठेवण्यासारखा हाच पुरावा असतो.