हीटर प्लग मालकाचा, मग दोष ड्रायव्हरचा कसा?

थंडीचे दिवस आले की आमच्या मालेगावात पहाटे मागांच्या खडखडाटात आणखी एक आवाज मिसळतो. गल्लीत रात्रभर उभ्या असलेल्या पिकअप आणि टेम्पोंच्या सेल्फचा. गाडी घरघरते, पांढरा धूर सोडते, पण पकडत नाही. मग दोन पोरे मागून ढकलतात, कोणी शेजारच्या गाडीची बॅटरी जोडतो, कोणी चिंधी पेटवतो. आणि मालक फोनवर ओरडतो, ‘अजून निघाला नाहीस?’ असा ओरडणारा मालक मी स्वतः होतो, म्हणून हा लेख लिहीत आहे.

गोष्ट 2014 च्या जानेवारीतली. आमच्याकडे चार सिलिंडरचा जुना डिझेल पिकअप होता. ग्रे कापडाच्या गाठी सकाळी लवकर ट्रान्सपोर्टच्या गोदामावर पोचवायच्या, बिल्टी करायची आणि माल लाइनच्या ट्रकमध्ये चढवायचा, हा रोजचा क्रम. त्या महिन्यात आठ दिवसांत तीनदा माल राहिला. माझ्या मते दोष उघड होता. ड्रायव्हर उशिरा उठतो, गाडीकडे लक्ष देत नाही. दोनदा मी त्याचा अर्धा खाडा मांडला आणि तिसऱ्यांदा सांगितले, ‘पुन्हा असे झाले तर दुसरा ड्रायव्हर बघतो.’

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी नेहमीप्रमाणे पकडेना. बिचाऱ्याने नोकरीच्या भीतीने तारेला चिंधी गुंडाळली, डिझेलमध्ये भिजवली, पेटवली आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी धरली. हेल्परने किल्ली फिरवली. इंजिनने उलटा झटका दिला आणि जाळ बाहेर आला. त्याच्या स्वेटरची बाही पेटली. मागे ताडपत्रीखाली कापडाच्या गाठी होत्या. हेल्परने ओले गोणपाट टाकून आग विझवली म्हणून माल आणि माणूस दोन्ही वाचले. ड्रायव्हरच्या डाव्या मनगटावर तो डाग आजही आहे.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. उस्तादांनी तपासले आणि म्हणाले, ‘सेठ, चारपैकी तीन हीटर प्लग मेलेले आहेत. मी तुम्हाला नोव्हेंबरातच सांगितले होते.’ खरेच सांगितले होते. मी उत्तर दिले होते, ‘दोन महिन्यांची थंडी, ढकलून घेऊ.’ चार प्लगचा खर्च तेव्हा दोन हजारांच्या आत होता.

हवा दाबली की तापते

त्या दिवशी मी उस्तादांजवळ स्टुलावर बसून सगळे समजून घेतले. माझे शिक्षण उर्दू शाळेतले. तेथे मास्तरांनी शिकवले होते की दबाव वाढला की हवेची हरारत वाढते, आणि सायकलचा पंप मारून नळी हाताला लावून दाखवली होती. डिझेल इंजिनाचे सारे गणित त्या पंपाचेच आहे, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले त्याचे तत्त्व असे, की नुसती हवा आत घेऊन इतकी दाबायची की तीच तापून लाल निखाऱ्याचे काम करील. जुन्या छोट्या डिझेल इंजिनांत वीस भांडी हवा एका भांड्यात कोंबली जाते. हवा पाचशे अंशांच्याही वर तापते. त्या क्षणी नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते आणि ते आपोआप पेटते. डिझेल स्वतःहून पेट घ्यायला सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापमान पुरते.

मग थंडीत बिघडते कुठे? रात्रभर उघड्यावर राहिलेल्या इंजिनाचे लोखंड बर्फासारखे असते आणि दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेते. इंजिन ऑइल घट्ट होते. बॅटरीची ताकद थंडीत घटते. त्यामुळे सेल्फ इंजिनाला सावकाश फिरवतो, आणि सावकाश फिरण्यात रिंगांच्या फटीतून हवा व उष्णता निसटायला वेळ मिळतो. फवारा उडतो, पण पेटत नाही. तेच न जळलेले डिझेल पांढरा धूर होऊन मागून बाहेर पडते. गाडी ढकलल्यावर कधी कधी पकडते, कारण इंजिन जोरात फिरते. पण मूळ रोग तसाच राहतो.

प्लगच्या पोटात काय असते?

हीटर प्लग, ज्याला पुस्तकात ग्लो प्लग म्हणतात, तो या अडचणीवरचा उपाय आहे. पेन्सिलीएवढी एक धातूची नळी. तिच्या आत तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी घट्ट ठासलेली. ही भुकटी उष्णता पुढे जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. किल्ली पहिल्या टप्प्यावर आणली की रिलेमार्फत बॅटरीची वीज वेटोळ्यात जाते आणि नळीचे टोक लालभडक होते. चांगला प्लग साडेआठशे ते हजार अंशांपर्यंत तापतो. हे टोक सिलिंडरच्या डोक्यातील छोट्या खोलीत, फवाऱ्याच्या वाटेवर असते. फवारा त्याला स्पर्शून जातो आणि पेट घेतो.

बऱ्याच प्लगमध्ये दोन वेटोळी असतात. दुसऱ्याचा गुण असा, की ते तापत गेले की विजेला अडवते, म्हणजे प्लग स्वतःला जळू देत नाही. जुन्या प्लगना तापायला वीस-तीस सेकंद लागत, नव्यांना दोन ते सहा सेकंद पुरतात. डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तो याच कामासाठी. दिवा विझल्यावर सेल्फ मारायचा. आमच्या धंद्यातली माणसे सायझिंगमध्ये कांजी शिजल्याशिवाय सूत लावत नाहीत. तीच माणसे गाडीत बसल्याबरोबर दिव्याकडे न बघता किल्ली फिरवतात.

फार जुन्या काही गाड्यांत प्लग एकामागे एक जोडलेले असत, लग्नाच्या रोषणाईच्या माळेसारखे. एक गेला की सगळे बंद. पुढे प्रत्येक प्लगला स्वतंत्र वीज मिळू लागली. यात सोय आहे, तशी फसगतही आहे. एक प्लग गेला तरी गाडी चालू होते, फक्त मिनिटभर थरथरते. दुसरा गेला की दोन-तीन सेल्फ जास्त लागतात. मालकाला वाटते, चालते आहे. तिसरा जातो तेव्हा थंडी ऐन भरात असते.

मोठ्या ट्रकच्या चालकांनी आपल्या गाडीत हे प्लग शोधत बसू नये. बहुतेक मोठ्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवरील खळग्यात मारले जाते, उष्णता वाया जायला जागा कमी असते, म्हणून तेथे प्लगची गरज सहसा पडत नाही. काहींत आत येणारी हवा तापवणारा हीटर असतो.

चार आडवाटा

आता ज्या आडवाटा आपण सर्रास वापरतो त्यांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

पहिली, पेटती चिंधी. कापडाच्या व्यापाऱ्याच्या गाडीजवळ उघडा जाळ नेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मी त्याची किंमत पाहिली आहे.

दुसरी, हवेच्या नळीत मारायचा स्टार्टिंग स्प्रे. त्यात ईथर असते. ते डिझेलच्या कितीतरी आधी पेट घेते. हीटर प्लग गरम असताना स्प्रे मारला तर तो अवेळी भडकतो, रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. प्लगच्या पैशांत होणारे काम इंजिन उघडण्यावर जाते.

तिसरी, थेट बटण. रिले बिघडला की वायरमन बॅटरीवरून सरळ बटण काढून देतो. ड्रायव्हर घाईत ते मिनिटभर दाबून धरतो आणि प्लग जळतात. नव्या गाड्यांत तर चिनी मातीच्या जातीचे काही प्लग बारापेक्षा बऱ्याच कमी व्होल्टवर चालतात. त्यांना सरळ बॅटरी लावली की क्षणात संपले. म्हणून नवा प्लग घेताना जुन्याचा नंबर जुळवूनच घ्यावा.

चौथी, डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे. आपल्याकडच्या थंडीत याची गरजच नाही. भारतीय मानकात हिवाळी डिझेल सहा अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे अशी अट आहे. मालेगावात पारा आठ-दहावर येतो. निफाडच्या शिवारात काही पहाटे पाचच्याही खाली जातो, तरी सूर्य वर आला की चढतो. डिझेल गोठण्याचा खरा प्रश्न लडाखसारख्या ठिकाणचा. तेथे 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले. आपल्याकडे गाडी अडते ती बहुधा प्लग, बॅटरी आणि घट्ट ऑइल यांमुळे.

कारागीर बंधूंनाही एक विनंती आहे. सगळे प्लग सरसकट बदलण्याआधी एकेक तपासा. प्लगवरील जोडपट्टी काढा, टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला नाही तर वेटोळे तुटलेले आहे. मल्टिमीटर असेल तर थंड प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. सगळे प्लग चांगले निघाले तर फ्यूज, रिले आणि वायर बघा. वर्षानुवर्षे अडकलेला प्लग थंड इंजिनात जोराने फिरवू नका. तो मोडून टोक आत पडले तर मालकाला हेड उतरवावे लागते.

जबाबदारी कोणाची?

व्यापारी बंधू म्हणतील, थंडी दोन महिने, त्यासाठी खर्च कशाला? मीही हेच म्हणत होतो. माझा हिशेब असा झाला. वारंवार सेल्फ मारून बॅटरी गेली. पाठोपाठ सेल्फचे काम निघाले. तीन वेळा माल राहिला, त्यात एका जुन्या पार्टीचे मन दुखावले. ड्रायव्हरच्या हाताचा इलाज केला. या सगळ्यासमोर चार प्लगची रक्कम ठेवली तेव्हा मला माझ्या व्यापारी अकलेची लाज वाटली.

पण मोठा तोटा वहीत मांडण्यासारखा नव्हता. ज्या माणसाचा काही दोष नव्हता त्याची मजुरी मी कापली होती. गाडी माझी, प्लग माझे, सल्ला न ऐकणारा मी, आणि खाडा त्याचा. आपण मागाचा कोणता पट्टा सैल आहे ते आवाजावरून ओळखतो, पण गाडी म्हटली की ‘ते ड्रायव्हरचे काम’ म्हणून मोकळे होतो. ड्रायव्हरचे काम गाडी चालवणे आणि बिघाड सांगणे. त्याने सांगितल्यावर पैसे काढणे हे मालकाचे काम. नोकरी जाईल या भीतीने माणूस आगीशी खेळतो, तेव्हा ती आग मालकानेच लावलेली असते.

मी कापलेली मजुरी परत केली आणि चूक कबूल केली. तो म्हणाला, ‘जाऊ द्या सेठ, पण पुढच्या वेळी उस्तादांचे ऐका.’ तेव्हापासून दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमची गाडी गॅरेजला जाते. प्लग, रिले, बॅटरीची टोके, ऑइल आणि डिझेल फिल्टर, एवढे बघून घेतो. एका सकाळचे काम आहे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये. थंडी सुरू व्हायच्या आत आपापल्या ड्रायव्हरला विचारा, ‘गाडी सकाळी कशी पकडते?’ आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्या.